दवंडीच्या आधीचे काम

विद्यापीठांच्या अभ्यासक्रमांतून आणि नोकरीच्या जाहिरातींतून ‘धोरणात्मक संज्ञापन’ हा भारदस्त शब्द अलीकडे वारंवार भेटू लागला आहे, आणि जाहिरातबाजीनेच हे नवे जरीकाठी उपरणे पांघरले असावे असा संशय एखाद्या जुन्या वाचकास आला, तर त्याला फारसा दोष देता येणार नाही. संस्थेने आपले कार्य सिद्धीस नेण्यासाठी हेतुपुरस्सर केलेला संवाद, एवढीच या विद्येची व्याख्या. अमेरिकेत एडवर्ड बर्नेज याने 1923 साली जनमताच्या घडणीवर ग्रंथ लिहिला आणि या पेशाला शास्त्राची बैठक देण्याचा यत्न केला. पण या विद्येचे मर्म जाणण्यास पुण्याबाहेर जाण्याचे कारण नाही.

1897 च्या मार्चात प्लेगच्या बंदोबस्तासाठी नेमलेल्या रँड या इंग्रज अधिकाऱ्याच्या अमलाखाली गोरे सोजीर पेठांतील घरांत शिरू लागले, तेव्हा रोगी हुडकून इस्पितळात न्यावा, घरच्यांना छावणीत वेगळे ठेवावे आणि घर निर्जंतुक करावे, हा हेतू वैद्यकदृष्ट्या अगदीच गैर नव्हता. परंतु चुलीवरचे भांडे तसेच टाकून माजघराच्या उंबऱ्याशी उभ्या राहिलेल्या बाईला दिसले ते देवघरापर्यंत आलेले बूट, आणि इस्पितळात गेलेला माणूस परत येत नाही, ही कुणकुण तर तिच्या कानी आधीच आलेली होती. हुकमाचा मसुदा करताना या बाईचा विचार झाल्याची खूण त्या अंमलबजावणीत कोठेच दिसत नाही. 22 जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडवर गोळी झाडली गेली. त्याच सुमारास मुंबईत जनरल गॅटॅकरच्या समितीने जातीजमातींना आपापली इस्पितळे काढू दिली, पुढारी मंडळींना विश्वासात घेतले. तरी 1898 च्या मार्चात तेथेही दंगल उसळलीच, तेव्हा संवाद म्हणजे रामबाण मात्रा, असे कोणी समजू नये.

मला खटकते ते एवढेच, की संज्ञापनाच्या या पेशातील माणसाला आजही बहुधा पाचारण होते ते सही-शिक्क्यानंतर, तयार हुकमाला साखर लावण्यापुरते. परवा आमच्या गल्लीच्या फलकावर पाणीपुरवठ्याची सूचना डकवलेली होती. तांत्रिक कारणास्तव, तूर्तास, नागरिकांनी सहकार्य करावे, सारे यथासांग. धुणीभांडी करणाऱ्या बाईंनी ती मला वाचून दाखवायला सांगितली, मान डोलवीत शेवटपर्यंत ऐकली आणि विचारले, “मग दादा, पाणी येणार कवा?” मी सूचना पुन्हा वाचली, ते तेवढे तीत नव्हते.