कात्रजचा नळ आणि आपले नाव

पारितोषिक-समारंभात नावे पुकारली जात असता विद्यार्थ्यांच्या मुद्रा न्याहाळून पाहाव्या. ज्याचे नाव येते त्याची छाती फुलते. ज्याचे येत नाही तो टाळ्या वाजवितो खरा, पण त्याचे डोळे निराळेच सांगतात. ह्याबद्दल आम्ही मुलांस हसत नाही. एके वर्षी एका कार्याच्या छापील अहवालात आमचे नाव राहून गेले, तेव्हा चाळिशी उलटलेल्या आमच्या मनासही ते चार दिवस झोंबत होते. मानाची इच्छा मनुष्यमात्राच्या ठायी उपजत आहे. तिचे करावे काय, हा खरा प्रश्न होय.

कात्रजचे तलाव आपल्या परिचयाचे आहेत. नानासाहेब पेशव्यांच्या कारकीर्दीत, अठराव्या शतकाच्या मध्यास, तेथील पाणी जमिनीखालच्या बांधीव नळाने आठ-दहा किलोमीटर दूर शनिवारवाड्यात व पेठांतील हौदांत आणले गेले. यंत्राचे साहाय्य नव्हते. केवळ उतार बिनचूक साधल्यामुळे पाणी शहरापर्यंत आले. नळात हवा खेळावी म्हणून ठिकठिकाणी उच्छ्वास ठेवलेले होते. पुढे खडकवासल्याचे पाणी आले. परंतु तत्पूर्वी पिढ्यान्‌पिढ्या पुण्याची तहान ह्या नळाने भागविली.

नम्रतेचा उपदेश करणारास हा दृष्टान्त फार सोयीचा आहे. काम जमिनीखाली, करणाराचे नाव कोठेच नाही, तरी उपयोग सर्वांस! आम्हीही वर्गात तो अनेक वर्षे सांगत आलो. परंतु एकदा एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, पेशव्यांचे नाव आपल्याला ठाऊक आहे, मग गवंड्यांचे का नाही? त्यांना ते नको होते का?"

आम्ही निरुत्तर झालो. त्यांना कोणी विचारलेच नसावे. आपले नाव न मागणे ही नम्रता. दुसऱ्याचे नाव न घेणे ही नम्रता नव्हे, तो अन्याय होय.

याकोब व योहान ह्यांनी मानाच्या जागा मागितल्या, तेव्हा मोठे होऊ इच्छिणाराने सेवक व्हावे, असे प्रभूने सांगितले. आणि शेवटच्या रात्री प्रथम स्वतः गंगाळ घेऊन शिष्यांचे पाय धुतले. परंतु बेथानी येथे एका स्त्रीने त्याच्या मस्तकावर सुगंधी तेल ओतले, तेव्हा जेथे जेथे सुवार्ता गाजविली जाईल तेथे तिचे हे कृत्यही सांगितले जाईल, असे तोच प्रभु म्हणाला. स्वतःसाठी सेवकाची जागा घेणारा दुसऱ्याच्या गौरवात किती उदार होता, हे लक्षात घ्यावे.

आमच्या शाळेत घंटेपूर्वी पिण्याच्या पाण्याची टाकी धुऊन भरणारे शिपाईमामा आहेत. स्नेहसंमेलनात आम्ही पाहुण्यांचे, देणगीदारांचे, एकमेकांचे आभार मानले. त्यांचे नाव मात्र घेतले नाही. आणि त्यांच्या मौनास आम्ही नम्रता म्हणत आलो!

पालकहो, पाल्याने काम चांगले केले तर तसे त्यास अवश्य सांगावे. कौतुकास मुकलेले मूल नम्र होत नाही, भुकेले राहते. आणि प्रिय विद्यार्थ्यांनो, स्वतःच्या नावाविषयी नळासारखे झाकलेले राहा. दुसऱ्याच्या नावाविषयी हौदासारखे उघडे असा.

हा उपदेश प्रथम आम्हांसच लागू आहे. पुढील संमेलनात आभारांचा आरंभ आम्ही त्या टाकीपासून करू.