खरोखर वाचलेली राजकन्या

शाळेत शिकवत होते तेव्हा रशियन राज्यक्रांती दोन तासांत उरकावी लागे. तेवढ्यातही मागच्या बाकावरून एक हात हमखास वर यायचा. "बाई, पण ती अनास्तासिया पळाली होती ना?" झारची धाकटी मुलगी. नाही रे बाबा, नाही पळाली. डीएनए चाचण्यांनी ते कधीच निकालात काढलंय. तरी पोरांचे चेहरे पडायचे.

त्या पोरांना मी येलेनाची गोष्ट सांगायला हवी होती.

येलेना सर्बियाचा राजा पहिला पीटर याची लेक, आजोळ मोंटेनेग्रोचं. जन्म 1884 चा. पाचव्या वर्षी आई गेली. शिकली पीटर्सबर्गच्या स्मोल्नी विद्यालयात, झारच्या घराण्यात सून म्हणून गेलेल्या दोन मावश्यांच्या नजरेखाली. रास्पुतिन या साधूला झारच्या घराचं दार उघडून देणाऱ्या त्या याच, मिलिका आणि स्ताना. मावश्यांवर लोक पानंच्या पानं लिहितात, भाची तळटीपेत.

1911 साली तिने झारच्या भाऊबंदांपैकी योआनशी लग्न केलं. माणूस इतका देवाधर्माचा की एकेकाळी मठात जायचं त्याच्या मनात होतं. 1918 मध्ये बोल्शेविकांनी त्याला हद्दपार केलं. फर्मान त्याच्या नावाचं, तिच्या नव्हे. तिने चार वर्षांचा मुलगा आणि तीनही न भरलेली मुलगी सासूच्या ओटीत घातली आणि नवऱ्यामागून उरलकडे गेली. येकातेरिनबुर्गला झारला कोंडलेल्या घराशी जाऊन तिने भेटही मागितली होती. पहारेकऱ्यांनी हाकलून दिलं. (माझी तर त्या रस्त्यानं जायची छाती झाली नसती.)

पुढे दोघांना अलापायेव्स्कला हलवलं. तिथून ती मुलांना पाहायला निघाली आणि येकातेरिनबुर्गला पकडली गेली. 17-18 जुलैच्या रात्री योआनला इतर आप्तांसोबत जुन्या खाणीत लोटून दिलं. येलेनाची रवानगी पेर्मच्या तुरुंगात झाली. तिथल्या तिच्या सोबतिणी, झारीणबाईंच्या दोन मानकरणी, सप्टेंबरात बाहेर नेऊन मारल्या. ती सुटली डिसेंबरात, नॉर्वेच्या मुत्सद्द्यांच्या खटपटीने, आणि स्वीडनला मुलांपाशी पोचली. राजाची लेक नसती तर कोणी एवढी खटपट केली असती, असं मला वाटत नाही.

अनास्तासियावर 1956 साली हॉलिवूडने सिनेमा काढला, इन्ग्रिड बर्गमनला त्यासाठी ऑस्कर मिळालं. येलेना तेव्हा हयात होती. 1962 साली नीसला वारली. तिच्यावर सिनेमा काढायचं कोणाला सुचलं नाही. नवऱ्यामागे स्वतःहून गेलेली, तुरुंग बघून आलेली बाई आपल्याला पुरत नाही, हरवलेलीच हवी असते, याचा मला राग येतो.

पेर्मच्या कोठडीतली एक हकीकत तिनेच सांगितलेली आहे. एकदा पहारेकरी एका मुलीला घेऊन आला. मुलगी स्वतःला अनास्तासिया रोमानोवा म्हणवत होती. ही झारची मुलगी का, त्याने विचारलं. येलेना म्हणाली, मी हिला ओळखत नाही. पहारेकरी मुलीला परत घेऊन गेला.