ओहोटी नाश्त्यासाठी थांबत नाही

"रविवारी पहाटे? पक्षी बघायला?" घरात पहिल्यांदा सांगितलं तेव्हा सगळ्यांचे चेहरे बघण्यासारखे झाले. देवदर्शनाला, लग्नाला, बारशाला बाई पहाटे निघाली तर कुणी काही विचारत नाही. पण पक्षी? "त्यातून मिळणार काय?"

तरीही गेले. रायबंदरच्या धक्क्यावरून फेरीबोटीने चोडण बेटावर. तिथे पश्चिम टोकाला डॉ. सलीम अलींच्या नावाचं पक्षी अभयारण्य आहे, जेमतेम १.७८ चौरस किलोमीटरचं. खारफुटीतली पायवाट, ओहोटीने उघडा पडलेला चिखल आणि त्यात सारखी शेपटी हलवत किडे टिपणारा एक तुतवार. हिमालयातून, कधी त्याच्याही पलीकडून हा दर हिवाळ्यात इथे येतो म्हणे. मी गप्पच झाले. मूठभर जीव एवढं अंतर तोडून येतो आणि मला नदी ओलांडायला तीन रविवार घरच्यांची मनधरणी करावी लागली!

मैत्रिणींनो, चिखल उघडा असतो तेव्हाच हे पक्षी खायला उतरतात. म्हणजे इथे वेळ पाळायची ती ओहोटीची, आपल्या स्वयंपाकघराची नव्हे. एखाद्या रविवारी घरच्यांनी पाव-भाजी आणून खावी, काही बिघडत नाही. तुम्ही मात्र साधे, मातकट रंगाचे कपडे घाला, गप्पा आवरा आणि निघा. दरवेळी काहीतरी मिळालंच पाहिजे असं थोडंच आहे?

परवा ह्यांनी विचारलं, "पुढच्या वेळी मीही येऊ?"

म्हटलं, "या की! फक्त डबा तुम्ही भरायचा."