काटा बोलतो, ऐकतो कोण?

गळीत हंगामात गव्हाणीत पडलेला ऊस घाण्यांतून पिळून निघतो आणि रस काढून उरलेला भुसा, ज्याला कारखान्यात बगॅस म्हणतात, थेट बॉयलरकडे जातो. त्या भुशात किती साखर राहून गेली, हे प्रयोगशाळेतील केमिस्ट ठरावीक वेळाने नमुना घेऊन पाहतो. नमुना आणणे, तपासणे व आकडा वहीत उतरविणे यांत वेळ जातो आणि ज्या साखरेची हानी तो आकडा सांगतो, ती साखर तोवर जळून गेलेली असते. आता हेच मोजमाप सतत घेऊन पडद्यावर दाखविणारी उपकरणे उपलब्ध आहेत. ती पाहून शेवटच्या घाण्यावर सोडायचे पाणी तत्काळ कमीजास्त करता येते. उताऱ्यातील अल्पसा फरकही शेवटी सभासदाच्या उसाच्या दरापर्यंत पोचतो. तेव्हा तात्काळ माहितीचे हे शास्त्र केवळ बड्या उद्योगांचे कौतुक आहे, असे मानण्याचे कारण नाही.

त्याचे लाभ निर्विवाद आहेत. तथापि पडद्यावर आकडे आले की योग्य निर्णय आपोआप होतील, अशी जी समजूत उद्योगक्षेत्रात रुजत आहे, तिची परीक्षा झाली पाहिजे. उद्योगांच्या इतिहासात माहिती वेळेवर मिळूनही अनर्थ टळला नाही, अशी उदाहरणे थोडी नाहीत.

त्यांतील सर्वांत दारुण उदाहरण आपल्याच देशातले आहे. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळ येथील युनियन कार्बाइडच्या कारखान्यात ६१० क्रमांकाच्या टाकीतील दाब प्रतिचौरस इंचास २ पौंडांवरून सुमारे १० पौंडांवर गेला. हा बदल अकराच्या सुमारास दिसला होता. परंतु तो नेहमीच्या मर्यादेत बसणारा होता आणि तेथील मापकांवर विसंबू नये, असाच कामगारांचा अनुभव होता. टाकी थंड ठेवणारी यंत्रणा काही महिन्यांपूर्वीच बंद करण्यात आली होती. त्यामुळे तापमानवाढीची सूचना देणारी व्यवस्थाही निरुपयोगी ठरली होती. विषारी वायूची गळती कामगारांना कळली ती डोळ्यांची आग होऊ लागल्यावर. पुढे हजारो माणसे प्राणांस मुकली. त्या रात्री काटा खरे बोलत होता. मात्र देखभालीत काटकसर करून ज्यांनी मापकांची विश्वासार्हता घालविली, त्यांनी त्या काट्याची साक्ष आधीच बाद करून ठेवली होती.

अमेरिकेतील थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रात २८ मार्च १९७९ रोजी झालेला अपघात याहून निराळा धडा देतो. तेथे दाब कमी करणारी एक झडप उघडी अडकून राहिली. नियंत्रणफलकावरील दिवा मात्र ती मिटल्याचे सुचवीत होता. वस्तुतः झडप मिटण्याचा हुकूम सुटला, एवढेच तो दिवा सांगू शकत होता. हुकमाची अंमलबजावणी झाली की नाही, हे सांगण्याची सोय त्यात नव्हती. त्यावर विसंबून चालकांनी अणुभट्टीला वाचविणारे पाणीच कमी केले आणि दोन तासांहून अधिक काळ झडप उघडी राहिली. जावक नोंदवहीत पत्र चढले म्हणजे काम झाले, असे मानणाऱ्या कचेरीचा अनुभव ज्यांना आहे, त्यांना ही चूक परकी वाटणार नाही.

माहितीचा अतिरेकही तितकाच घातक ठरतो. वेल्समधील मिलफर्ड हेवन येथील तेलशुद्धीकरण कारखान्यात २४ जुलै १९९४ रोजी स्फोट झाला. त्यापूर्वीच्या शेवटच्या ११ मिनिटांत दोन चालकांपुढे धोक्याच्या २७५ सूचना येऊन आदळल्या. त्यांतली कोणती प्राणाशी गाठ घालणारी आणि कोणती किरकोळ, हे निवडण्यास सवड कोणाला होती? संगणकाने सारे काही सांगितले आणि म्हणूनच काहीही कळले नाही.

या सर्वांच्या मुळाशी अधिकाराचा प्रश्न आहे. जपानच्या साकिची तोयोदा यांनी १९२४ साली सिद्ध केलेला स्वयंचलित माग धागा तुटताच आपोआप थांबत असे. तेच तत्त्व पुढे टोयोटाच्या मोटार कारखान्यांत आले. तेथे दोष दिसताच सामान्य कामगार दोरी ओढतो, पर्यवेक्षक धावत येतो आणि दोष वेळेत दूर झाला नाही, तर अख्खी ओळ थांबते. दोष पाहणाऱ्याच्या हाती थांबविण्याचे साधनही असावे, हा त्यामागील विचार आहे. याउलट अनेक कारखान्यांत चालकाने अभियंत्याला विचारावे, अभियंत्याने व्यवस्थापकाला आणि व्यवस्थापकाने मुख्यालयाला, अशी रीत चालत आलेली असते. आकडा क्षणात पोचतो, पण परवानगीला तास लागतो.

प्रत्येकाला कारखाना थांबविण्याची मुभा दिली, तर उत्पादन कसे व्हावे, असा आक्षेप यावर घेतला जाईल. तो अगदीच निराधार नाही. अकारण थांबलेल्या संयंत्राची हानी मोठी असते. पण टोयोटाच्या रीतीतच त्याचे उत्तर आहे. दोरी ओढल्यावर प्रथम मदत येते आणि ती पुरली नाही तरच काम थांबते. शिवाय, आकड्यांचा पडदा मुख्यालयात बसून जाब विचारण्यासाठीच वापरला गेला, तर पाळीवरची माणसे कारखाना सुधारण्याऐवजी आकडा सुधारण्यास शिकतात. मग माहिती तात्काळ मिळते, पण ती खरी उरत नाही.

म्हणून नवी यंत्रणा बसविणाऱ्या प्रत्येक कारखान्याने आधी तीन गोष्टींची हमी द्यावी. मापकांची तपासणी व दुरुस्ती यांवरील खर्चास कात्री लागणार नाही. धोक्याच्या सूचना मोजक्या आणि महत्त्वानुसार लावलेल्या असतील. आणि धोका दिसल्यास काम थांबविणाऱ्या चालकाला लेखी अधिकार व संरक्षण असेल. संवेदक आणि संगणक बाजारात विकत मिळतात. मध्यरात्रीच्या पाळीवर एकट्या बसलेल्या माणसाला कळ दाबण्याचे धैर्य मात्र त्याच्या कारखान्यानेच द्यावे लागते.