‘ईसीजी नॉर्मल आहे’ म्हणजे नेमकं काय?

छातीत दुखतंय म्हणून दवाखान्यात गेलेल्या माणसाला ‘ईसीजी नॉर्मल आहे’ हे ऐकून हायसं वाटतं. नातेवाईकही लगेच गाडी वळवतात. पण दुखणं थांबलेलं नसेल, तर एका ईसीजीवर विसंबून पेशंटला घरी पाठवू नये आणि पेशंटनेही जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

शिरोली एमआयडीसीसारख्या ठिकाणी तर हे जास्तच लागू पडतं. इथे फौंड्र्या आहेत. भट्टीजवळ काम करणाऱ्याला घाम येतो, थकवा येतो, जड उचलून हात-खांदे भरून येतात. हार्ट अटॅकचीही लक्षणं हीच: छातीवर दडपण, घाम, हातात किंवा जबड्यात कळ. त्यामुळे ती कामाच्या नावावर खपून जातात. ‘पित्त झालंय’, ‘गॅस धरलाय’ म्हणत सोडा पिऊन शिफ्ट पूर्ण केली जाते. (सोड्याने ढेकर येतो, तेवढ्याने हृदयाचं निदान होत नाही.)

ईसीजी म्हणजे हृदयात वाहणाऱ्या विजेची कागदावरची नोंद. हे यंत्र विकसित करणारे डच शास्त्रज्ञ विलेम आइंटहोवेन यांना १९२४ साली नोबेल पारितोषिक मिळालं. आज आपण काढतो तो नेहमीचा ईसीजी साधारण दहा सेकंदांचा असतो. त्यात रक्तवाहिनी दिसत नाही. वाहिनी बंद पडून हृदयाचा स्नायू रक्ताविना तडफडू लागला, की विजेचा आलेख बदलतो आणि तो बदल आपण वाचतो.

हा बदल दिसायला कधी कधी वेळ लागतो. सुरुवातीच्या मिनिटांत फक्त ‘टी’ नावाची लाट थोडी फुगलेली असते, आणि घाईत ती सहज नजरेतून सुटते. रक्ताची गाठ कधी वाहिनी बंद करते, कधी थोडी मोकळी सोडते. नेमक्या मोकळ्या क्षणी काढलेला ईसीजी चांगला दिसू शकतो. हृदयाच्या मागच्या भिंतीचा अटॅक तर छातीवरच्या नेहमीच्या इलेक्ट्रोडना थेट दिसत नाही, त्यासाठी पाठीवर इलेक्ट्रोड लावावे लागतात. म्हणून दुखणं चालू असेल तर पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा ईसीजी काढायचा, गरज पडल्यास तिसराही. खर्च फार नाही. लागते ती चिकाटी.

कागदाच्या वरच्या कोपऱ्यात मशीन इंग्रजीत निदान छापतं. ‘साइनस ऱ्हिदम’ असं वाचून लोक निर्धास्त होतात. त्याचा अर्थ ठोके योग्य जागेतून निघत आहेत एवढाच. ऐन अटॅकमध्येही ते तसे निघू शकतात.

आता आमच्या क्षेत्रातल्या एका वादाबद्दल. ईसीजीमधला ‘एसटी’ भाग ठराविक मिलिमीटर उचललेला असेल तर तो मोठा अटॅक, तातडीने वाहिनी उघडा. नसेल तर थांबता येईल, अशी विभागणी अनेक वर्षं चालत आली आहे. पण ‘थांबता येईल’ म्हटलेल्या पेशंटांपैकी साधारण चौघांत एकाची वाहिनी अँजिओग्राफीत पूर्ण बंद सापडते, असं अनेक अभ्यास एकत्र करून दिसलं आहे. त्यामुळे काही तज्ज्ञ आता म्हणतात, मिलिमीटर मोजण्यापेक्षा ‘वाहिनी बंद आहे का?’ हा प्रश्न विचारा. मला ते पटतं. औषधं देऊनही दुखणं थांबत नसेल, तर ईसीजी कसाही असो, हृदयरोगतज्ज्ञांशी त्याच वेळी बोललं पाहिजे. ट्रोपोनिन ही रक्ततपासणी उपयोगी आहे, पण दुखायला लागल्यापासून पहिल्या एक-दोन तासांत तीही निगेटिव्ह येऊ शकते.

शिरोलीपासून कोल्हापूर शहर जवळ आहे, तिथे अँजिओप्लास्टीची सोय आहे. म्हणजे इथे वेळ जातो तो बहुतेक रस्त्यावर नाही, आधीच्या ‘बघू या’मध्ये. पेशंट दारात आल्यापासून १० मिनिटांत ईसीजी निघाला आणि वाचला गेला पाहिजे. मोठा अटॅक दिसला आणि १२० मिनिटांत अँजिओप्लास्टी होणार नसेल, तर गाठ विरघळवणारं इंजेक्शन द्यायचा विचार तिथेच करावा लागतो. २०१९ आणि २०२१ च्या पुरात शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला होता, हे आपण विसरलेलो नाही. अशा दिवसांत या इंजेक्शनचं मोल वेगळं सांगायला नको.

तुम्ही काय करायचं? बाइकवर मागे बसून जाऊ नका, १०८ ला फोन करा. दुखणं किती वाजता सुरू झालं ते सांगा. दुखणं चालूच असेल तर ‘डॉक्टर, परत एकदा ईसीजी काढू या का?’ असं सरळ विचारा. त्यात डॉक्टरांचा अपमान नाही.

आणि एक काम आजच करा. कारखान्याच्या वार्षिक तपासणीत तुमचा ईसीजी काढला असेल, तर त्याचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा, घरच्यांनाही पाठवा. नवा ईसीजी जुन्याशेजारी ठेवला की बारीक बदलही ओळखता येतो. मूळ कागद कारखान्याच्या फाइलीत असतो, आणि रात्री दोन वाजता त्या ऑफिसला कुलूप असतं.