समजून घ्या : जीएम मोहरीचा वाद नेमका कशावरून?

मोहरीत बहुतांश परागीभवन त्याच फुलात होते. त्यामुळे संकरित बियाणे तयार करणे अवघड जाते. दिल्ली विद्यापीठाच्या ‘डीएमएच-११’ वाणात यावर जनुकीय तोडगा आहे. ‘बार्नेज’ जनुक एका वाणात परागकण तयार होऊ देत नाही. दुसऱ्या वाणातील ‘बारस्टार’ संकरित पिकात ती क्षमता परत आणते.

वाद आहे तिसऱ्या ‘बार’ जनुकावरून. त्यामुळे पीक ग्लुफोसिनेट तणनाशक सहन करते. फवारणी वाढून महिलांची खुरपणीची मजुरी बुडेल, अशी विरोधकांना भीती आहे. समर्थक खाद्यतेलाच्या आयातीकडे बोट दाखवतात.

केंद्राने ऑक्टोबर २०२२ मध्ये दिलेल्या सशर्त मंजुरीवर सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायाधीशांनी २३ जुलै २०२४ रोजी परस्परविरोधी निकाल दिला. जीएम पिकांसाठी राष्ट्रीय धोरण हवे, यावर मात्र दोघांचे एकमत झाले.