टीव्ही टांगण्याआधी

मैत्रिणींनो, आधी भिंतीवर टिचकी मारून पाहा. आवाज पोकळ आला, तर भिंत विटांची नाही, जिप्सम बोर्डाची! जेमतेम अर्धा इंचाचा हा बोर्ड. वीस-पंचवीस किलोंचा टीव्ही नुसत्या प्लास्टिकच्या गिट्ट्यांवर टांगला, तर आज ना उद्या गिट्ट्या सुटायच्याच, आणि खाली आपली मुलं बसलेली असतात.

लोहचुंबक भिंतीवरून फिरवा. चिकटेल तिथे स्क्रू, म्हणजे आत पत्र्याची उभी पट्टी. पण पत्राही पातळच हो! बसवणारा कितीही घाई करो, आधी सुताराकडून बोर्डामागे पाऊण इंची प्लायवूड त्या पट्ट्यांना पक्कं करून घ्या, ब्रॅकेट त्यावर. पुढे ओढता येणारं ब्रॅकेट मात्र इथे नकोच, त्याने ओढ वाढते.

एवढा खटाटोप नको? मग सोफा फिरवा नि टीव्ही विटांच्या भिंतीवर घ्या.